उजव्या क्लिकमागची यादी : फाइलच्या प्रती आणि मेनूची मांडणी

संगणकातील एखाद्या फाइलची प्रत दुसऱ्या जागी नेण्यास जो वेळ लागतो, त्याचे दोन हिस्से असतात आणि त्या दोहोंची गल्लत झाली की सुधारणेचा सारा खटाटोप भलत्याच ठिकाणी होऊन बसतो. पहिला हिस्सा यंत्राचा: एका डिस्कवरून मजकूर वाचणे, तो दुसऱ्या डिस्कवर लिहिणे आणि प्रत्येक फाइलमागे नाव, तारीख व आकार यांची नोंद ठेवणे. दुसरा हिस्सा माणसाचा: फाइल निवडणे, ती कोठे ठेवायची ते आठवणे, त्या फोल्डरपर्यंत पायरी-पायरीने उतरणे, तेथे ती चिकटवणे आणि मग मूळ जागी परतणे. वेगवान पेनड्राइव्ह किंवा एसएसडी विकत घेतल्याने पहिला हिस्सा आक्रसतो, दुसरा मात्र होता तेवढाच राहतो. यंत्र जितके चपळ, तितका माणसाचा हिस्सा एकूण वेळात ठळक दिसू लागतो. प्रस्तुत पुस्तिका या दुसऱ्या हिश्श्यासाठी आहे. माउसचे उजवे बटण दाबल्यावर आज्ञांची जी यादी पडद्यावर उघडते, तिला संदर्भ-मेनू म्हणतात, आणि त्या यादीत वापरकर्त्याला आपल्या कामाची ठिकाणे स्वतः बसवता येतात. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, आरंभीच्या पायरीला तर प्रोग्रामिंगचा गंधही लागत नाही, आणि तरी अनेक कार्यालयांत ही सोय कोणाचा हात न लागता वर्षानुवर्षे पडून असते.

माणसाच्या हिश्श्याचा अंदाज बांधण्याचे एक साधन उपलब्ध आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन नेवेल यांनी १९८० मध्ये 'कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल' नावाची पद्धत मांडली. तिच्यात संगणकावरील कोणतेही काम छोट्या कृतींत तोडून प्रत्येक कृतीला सरासरी वेळ दिलेला असतो: पडद्यावरील बाण लक्ष्यापर्यंत नेण्यास १.१ सेकंद, पुढची कृती करण्यापूर्वीच्या मनाच्या तयारीस १.३५ सेकंद, बटण दाबून सोडण्यास ०.२ सेकंद. या हिशेबाने फोल्डरची एक पायरी उतरणे, म्हणजे तयारी, बाण नेणे आणि दोनदा क्लिक करणे, यास सुमारे २.८५ सेकंद लागतात. पाच पायऱ्या खोल असलेल्या फोल्डरपर्यंत पोहोचण्यास सव्वाचौदा सेकंद जातात आणि त्यात निवडणे, चिकटवणे व परतणे धरलेलेच नाही. तेच ठिकाण उजव्या क्लिकच्या यादीत आधीच बसवलेले असेल तर काम पाच सेकंदांच्या आसपास उरकते. एका फाइलपुरता हा फरक कोणी मोजणारही नाही, परंतु दिवसाला शंभर-दीडशे फायली हलवणाऱ्या माणसाच्या हाताला तो कळतो. शिवाय हे गणित सरावलेल्या आणि न चुकणाऱ्या माणसाचे आहे. भलत्याच फोल्डरात शिरून पुन्हा बाहेर येणे त्यात येत नाही, आणि प्रत्यक्ष कामात वेळ खाणारी खरी गोष्ट तीच असते.

नागपूर हे शहर या विषयाच्या अभ्यासाला सोयीचे आहे, याचे कारण तेथील कार्यालयांच्या स्वरूपात सापडते. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांपासून राज्याचे नकाशे तयार करणारी संस्था, १९८८ पासून येथे आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे आणि भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालयही येथेच आहे, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मध्य विभाग सेमिनरी हिल्सवरून चालतो. त्यांच्या जोडीला मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, जिल्हा न्यायालय, विभागीय आयुक्तालय आणि या सर्वांच्या आधाराने जगणारी टंकलेखन, डीटीपी व झेरॉक्सची दुकाने. नकाशा आणि खटला या दोन्ही गोष्टी फोल्डरांच्या खोल उतरंडीत राहतात. महसुली कामाची उतरंड जिल्हा, तालुका, मंडळ, गाव आणि वर्ष अशी जाते, म्हणजे वरच्या हिशेबातील पाच पायऱ्या येथे काल्पनिक राहत नाहीत. न्यायालयीन कामात ई-कोर्ट प्रकल्पाखाली प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो: राज्याची दोन अक्षरे, जिल्ह्याची दोन, न्यायालयाचे दोन अंक, मग सहा अंकी अनुक्रम आणि चार अंकी वर्ष. अशा क्रमांकांचे फोल्डर एकाखाली एक शंभरभर लागले, तर योग्य फोल्डर डोळ्यांनी शोधणे हे पायऱ्या उतरण्यापेक्षाही जिकिरीचे होते.

मेनूत बदल करण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत निर्धोक मार्ग विंडोजमधील 'सेंड टू' या उपयादीतून जातो. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ बरोबर ही उपयादी आली. तिची रचना इतकी साधी आहे की ती समजल्यावर पुढच्या साऱ्या प्रकरणांचे मर्म हाती येते. 'सेंड टू'ची यादी कुठल्या गूढ नोंदवहीत लिहिलेली नसून ती एका साध्या फोल्डरचे प्रतिबिंब असते. त्या फोल्डरात जे ठेवावे ते यादीत दिसते आणि जे काढावे ते यादीतून जाते. विंडोजची कळ आणि 'आर' दाबून उघडणाऱ्या चौकटीत 'शेल', मग कोलन आणि मग 'सेंडटू' हे शब्द इंग्रजीत सलग टंकले की तो फोल्डर समोर येतो. त्यात आधीपासून दिसणाऱ्या काही वस्तू, उदाहरणार्थ फायली दाबून एकत्र बांधणारा झिप फोल्डर किंवा ईमेलचा पत्ता, या जवळजवळ रिकाम्या फायली असतात. त्यांच्या नावाच्या शेवटी येणारी खूण पाहून विंडोज पुढचे काम ठरवते. या फोल्डरात आपल्या नेहमीच्या ठिकाणाचा शॉर्टकट, म्हणजे मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी छोटी फाइल, आणून ठेवला की झाले. पुढच्या उजव्या क्लिकला ते ठिकाण यादीत हजर असते.

एवढ्यावर काम भागते, तरी काही बारकावे पहिल्याच दिवशी पाळलेले बरे. यादीतील नावे वर्णानुक्रमाने लागतात, त्यामुळे सर्वांत जास्त लागणारे ठिकाण वर हवे असेल तर शॉर्टकटच्या नावाआधी ०१, ०२ असे अंक घालावेत. मूळ फोल्डरच्या नावाला त्याने धक्का लागत नाही. पेनड्राइव्हचा शॉर्टकट करताना निराळीच अडचण येते, कारण विंडोज प्रत्येक जोडलेल्या डिस्कला एक इंग्रजी अक्षर देते आणि आज 'ई' असलेला पेनड्राइव्ह उद्या दुसरे काही आधी जोडलेले असल्यास 'एफ' होतो, मग शॉर्टकट रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतो. डिस्क मॅनेजमेंट या सोयीत जाऊन त्या पेनड्राइव्हला वर्णमालेच्या शेवटाकडचे एखादे अक्षर कायमचे देऊन टाकले की हा गोंधळ मिटतो. तिसरी बाब सामायिक संगणकाची: ही यादी ज्याच्या नावाने लॉगिन झाले त्याच्यापुरतीच असते, त्यामुळे एका लिपिकाने जमवलेली ठिकाणे त्याच टेबलावर दुसऱ्या पाळीला बसणाऱ्याला दिसत नाहीत, आणि ते बरेच आहे.

यापुढची पायरी रजिस्ट्रीची. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सर्व मांडणीची मध्यवर्ती नोंदवही, आणि तिच्यात दोन लांबलचक ओळखक्रमांक नोंदवले की उजव्या क्लिकच्या यादीत 'या फोल्डरात कॉपी करा' आणि 'या फोल्डरात हलवा' अशा अर्थाच्या दोन आज्ञा उमटतात. या आज्ञा विंडोजमध्ये आधीपासूनच असतात, फक्त यादीत दाखवलेल्या नसतात. दोन्ही क्रमांक एका अंकाखेरीज तंतोतंत सारखे आहेत; एकात शून्य, तर दुसऱ्यात त्याच जागी एक. या एका अंकाच्या चुकीने कॉपीच्या जागी स्थलांतर होते आणि मूळ फाइल जागेवरून नाहीशी होते. अनेक मार्गदर्शिका या युक्तीला पहिले स्थान देतात. या पुस्तिकेत तिला मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण रजिस्ट्रीत केलेली चूक शोधणे सामान्य वापरकर्त्याला अवघड जाते आणि त्या आज्ञा दरवेळी ठिकाण विचारतात, म्हणजे ज्या पायऱ्या टाळायच्या त्याच पुन्हा समोर येतात. तरीही तिचा एक गुण मान्य करावा लागतो. माउसने ओढून फाइल सोडली तर ती एकाच डिस्कवर हलवली जाते आणि वेगळ्या डिस्कवर गेली तर तिची प्रत होते. हा भेद माहीत नसलेल्या माणसाची मूळ फाइल 'हरवते' ती येथेच. कंट्रोल कळ दाबून ओढल्यास प्रत, शिफ्ट दाबून ओढल्यास स्थलांतर, हे ध्यानात ठेवण्यापेक्षा आज्ञेच्या नावातच 'कॉपी' असणे अधिक भरवशाचे.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ ने उजव्या क्लिकची यादी आखूड केली आणि 'सेंड टू' जुन्या यादीत, 'आणखी पर्याय दाखवा' या अर्थाच्या ओळीमागे गेले. त्यामुळे एक क्लिक वाढला. शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबले की जुनी यादी थेट उघडते. ज्यांचा हात कळफलकावर असतो त्यांना हा बदल जाणवतही नाही. कळफलकाची परंपरा मेनूहून जुनी आहे, हेही येथे नोंदवायला हवे. १९८६ मधील नॉर्टन कमांडर या डॉसवरील प्रोग्रामने पडदा उभा दुभंगून एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला मुक्काम अशी मांडणी केली व एफ-५ ही कॉपीची कळ ठरवली. टोटल कमांडर आणि लिनक्सवरील मिडनाइट कमांडर यांनी ती आजतागायत जपली आहे. दिवसभर केवळ फायलीच हलवणाऱ्या माणसाने मेनूच्या वाटेला न जाता या दुपदरी पडद्याकडे जावे, असे पुस्तिकेचे स्पष्ट मत आहे.

मेनूचे खरे सामर्थ्य मात्र ठिकाण लक्षात ठेवण्याच्या पलीकडे, कामाची रीत लक्षात ठेवण्यात आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण नकाशांच्या फायलींत मिळते. भौगोलिक माहिती साठवण्याचा 'शेपफाइल' हा प्रकार नावाने एक फाइल वाटतो, प्रत्यक्षात तो एकाच नावाच्या किमान तीन फायलींचा संच असतो: 'एसएचपी' या खुणेच्या फाइलीत रेषा व सीमांचे आकार, 'एसएचएक्स'मध्ये त्या आकारांची अनुक्रमणिका, 'डीबीएफ'मध्ये गावांची नावे व क्षेत्रफळे यांसारखी माहिती. बहुधा सोबत चौथी 'पीआरजे' असते, जिच्यात नकाशा पृथ्वीच्या पाठीवर कोणत्या मापनपद्धतीने बसवायचा ते लिहिलेले असते. काटोल तालुक्याचा नकाशा पाठवताना केवळ पहिली फाइल कॉपी झाली तर पलीकडच्या टेबलावर सीमा उघडल्याच तरी गावांची नावे जात नाहीत. 'पीआरजे' राहिली तर काटोल आपल्या जागी बसेल याची खात्री उरत नाही. फोल्डरची यादी नावाने लावलेली असेल तर ही भावंडे एकाखाली एक दिसतात, पण ती प्रकाराने लावलेली असेल तर साऱ्या 'डीबीएफ' एकीकडे आणि साऱ्या 'एसएचपी' दुसरीकडे पडतात आणि घाईत एखादे भावंड मागे राहते.

यावरचा उपाय चार-सहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाने क्रमाने पाळायच्या आज्ञांच्या साध्या मजकूर-फाइलीत मावतो. ही स्क्रिप्ट 'सेंड टू'च्या फोल्डरात ठेवली की निवडलेल्या फाइलचे नाव तिला आपोआप मिळते. ती नावाच्या शेवटची खूण काढून टाकते आणि त्या मूळ नावाच्या, कोणत्याही खुणेच्या, सर्व फायली ठरलेल्या फोल्डरात कॉपी करते. येथे एका टिंबाला फार महत्त्व आहे. 'काटोल', मग टिंब आणि मग तारकाचिन्ह असे लिहिले तर फक्त काटोलचा संच जातो. टिंब गाळले तर 'काटोल_नद्या' आणि 'काटोल_रस्ते' हेही सोबत निघतात, कारण तारकाचिन्ह पुढे काहीही चालेल असे सांगते. आणखी एक मर्यादा सांगून ठेवलेली बरी: विंडोजच्या आज्ञापटलावर एका आज्ञेची लांबी ८,१९१ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे लांब मार्गांच्या शेकडो फायली एकदम निवडून स्क्रिप्टकडे पाठवल्यास ती अडते. अशा वेळी फायलींऐवजी त्यांचा फोल्डर निवडावा. विंडोज व्हिस्टापासून सोबतच येणारा 'रोबोकॉपी' हा प्रोग्राम या कामाला अधिक खंबीर आहे, मात्र त्याचा 'मिरर' हा पर्याय मुक्कामाच्या फोल्डरातील जास्तीच्या फायली पुसून टाकतो. पुसणारी आज्ञा आणि कॉपीची आज्ञा एकाच यादीत एकमेकींखाली ठेवू नयेत.

मराठी नावांचा प्रश्न येथेच उपस्थित होतो आणि त्याकडे इंग्रजी मार्गदर्शिकांचे लक्ष जाण्याचे कारण नाही. युनिकोडमध्ये टंकलेली देवनागरी नावे विंडोज आणि लिनक्स दोन्ही नीट सांभाळतात. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत काम करण्याची सवय असलेल्यांनी दिलेली नावे मात्र फोल्डरात इंग्रजी अक्षरांच्या कडबोळ्यासारखी दिसतात, कारण फाँट अक्षरांचे रूप बदलत होता, अक्षरे बदलत नव्हता. स्क्रिप्टच्या आत देवनागरी मार्ग लिहायचा असेल तर तिच्या आरंभी ६५००१ ही संकेतपद्धती, म्हणजे यूटीएफ-८, निवडावी लागते. येथे विंडोजचा एक खोडसाळपणा आडवा येतो: यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला कधीकधी तीन बाइटांची एक अदृश्य खूण असते, जुन्या पद्धतीच्या बॅच फाइलला ती चालत नाही, तर विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलच्या ५.१ या आवृत्तीला ती नसली तर देवनागरी वाचता येत नाही. एकाच यंत्रावर दोन घरचे दोन कायदे. स्क्रिप्ट चालत नाही अशी तक्रार असेल, तर आधी ही खूण तपासावी.

न्यायालयीन कामाकडे वळल्यावर वेगापेक्षा वेगळी अपेक्षा पुढे येते, प्रतीच्या खरेपणाची; तिच्याआधी तेथील प्रणाली पाहू. ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबंटू ही लिनक्स प्रणाली स्वीकारली गेली आणि खटल्यांच्या नोंदींचे सीआयएस हे सॉफ्टवेअर पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्त तंत्रज्ञानावर उभारले. उबंटूतील 'फाइल्स' या प्रोग्रामातही उजव्या क्लिकची यादी वाढवता येते. वापरकर्त्याच्या घरफोल्डरात नॉटिलस या नावाखाली 'स्क्रिप्ट्स' हा एक दडलेला फोल्डर असतो. त्यात स्क्रिप्ट ठेवून तिला चालवण्याची परवानगी दिली की यादीत 'स्क्रिप्ट्स' ही उपयादी उगवते. तत्त्व 'सेंड टू'चेच आहे, येथे फक्त परवानगीची पायरी अधिक आहे, आणि स्क्रिप्ट दिसत नसली तर दहांतल्या नऊ वेळा तीच राहिलेली असते.

न्यायालयापुढे येणारी प्रत ही मूळ फाइलची खरी प्रत आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रत काढणाऱ्यावर असते. या प्रश्नावरचा महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातील खटल्यातूनच घडला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीच्या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणाच्या प्रती पुराव्यात आल्या, आणि अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे ठरवले की मूळ साधनच न्यायालयापुढे आणले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, प्रत आणली तर मात्र पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे ते अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ही अट पुढे नेली आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्याची नोंद मागितली. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या साऱ्या मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. एसएचए-२५६ या पद्धतीत ती चौसष्ट चिन्हांची असते आणि फाइलीत एका अक्षराचा बदल झाला तरी ती ओळखू न येण्याइतकी पालटते. मूळ आणि प्रत यांची हॅश मूल्ये जुळली तर प्रत तंतोतंत आहे. वकिलाच्या कार्यालयात ही मूल्ये वेगळ्या प्रोग्रामात जाऊन काढली जातात तेव्हा ती काढायची राहून जाण्याचा संभव असतो. 'प्रत काढा आणि हॅश नोंदवा' ही एकच ओळ मेनूत असेल, जी फाइल कॉपी करील, दोन्ही मूल्ये ताडून पाहील आणि तारीख-वेळेसह एका मजकूर-फाइलीत लिहून ठेवील, तर प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचे काम बरेच हलके होते. अर्थात सही त्याचीच राहते.

मेनूत किती ओळी असाव्यात, याबाबत पुस्तिकेचा कल काटकसरीकडे आहे. ठिकाणे वाढू लागली की यादी पुन्हा शोधण्याचा विषय होते. पाच ते सात ठिकाणे पुरेशी आहेत; त्याहून अधिक लागत असतील तर 'सेंड टू'च्या फोल्डरात शॉर्टकट वाढवण्याऐवजी महिन्याअखेरीस जुने काढून नवे घालावेत. संपलेल्या खटल्याचा किंवा झालेल्या सर्वेक्षणाचा शॉर्टकट यादीत राहिला तर घाईतला हात त्याच्यावर जातो आणि नवी फाइल बंद झालेल्या फोल्डरात निवांत पडून राहते. अशी फाइल शोधण्यात जाणारा अर्धा तास मेनूने वाचवलेले सारे सेकंद गिळून टाकतो.

पुस्तिकेची पहिली तीन प्रकरणे विंडोजच्या 'सेंड टू'विषयी, पुढची दोन स्क्रिप्ट आणि शेपफाइलविषयी, सहावे उबंटूविषयी आणि शेवटचे हॅश मूल्यांविषयी आहे. रजिस्ट्री परिशिष्टात दिली आहे. नेटवर्कवरील सामायिक फोल्डरांच्या परवानग्या हा विषय येथे घेतलेला नाही, कारण त्या कार्यालयाच्या यंत्रणा-प्रशासकाच्या हाती असतात आणि मेनूत कितीही ओळी घातल्या तरी परवानगी नसलेल्या ठिकाणी प्रत जात नाही. प्रत्येक उदाहरण आधी निरुपयोगी फायलींच्या एका वेगळ्या फोल्डरावर करून पाहावे आणि मगच प्रत्यक्ष कामाच्या फायलींना हात लावावा.